येथे दात काढले जात नाहीत

पहिला पेशंट रविवारी सकाळी आठला आला. उजवा गाल टम्म फुगलेला. मी बनियनवर दार उघडलं आणि त्याने काही न बोलता आ केला.

"कोण पाहिजे?"

"डॉक्तल," असं काहीसं ऐकू आलं. मग त्याने मोबाईल पुढे केला. नकाशावर आमची कोथरूडची सोसायटी, आमची बिल्डिंग आणि तिच्या डोक्यात लाल टाचणीने टोचलेला दातांचा दवाखाना. खाली 'आता सुरू आहे' असंही लिहिलेलं.

आईने आतून लवंग आणून त्याच्या हातावर ठेवली. तिथेच चुकलं.

कारण उमगायला आठवडा गेला. आमच्याच नावाची आणखी एक सोसायटी अर्ध्या किलोमीटरवर आहे. (सोसायटीचं बारसं करायची वेळ आली की पुण्यात सगळ्यांना तीच चार नावं सुचतात.) पिनकोडही एकच, ४११०३८. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी १९७२ साली सहा आकड्यांत अख्खा देश बसवला, तो पत्र योग्य पोस्टात पोहोचावं म्हणून. पुढचं पोस्टमन बघून घेईल, हे त्यात गृहीत होतं. टाचणीला ती अक्कल कुठली? उपग्रहांना मात्र मी दोष देत नाही. वीस हजार किलोमीटरवरून ते बिचारे त्या गृहस्थाला चार-पाच मीटरच्या फरकाने 'तू इथे उभा आहेस' एवढंच सांगत होते. दारामागे कोण राहतं, ते कुणीतरी खुर्चीत बसून टाईप केलेलं.

'दुरुस्ती सुचवा'वर बोट ठेवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की या बदलाची खात्री पटली नाही. माझ्या घरात दवाखाना नाही, याची मला खात्री असून भागत नव्हतं. दरम्यान अभिप्राय येऊ लागले. 'डॉक्टर बनियनवर असतात. एक तारा.' 'आजींनी पोहे दिले. पाच तारे.'

भाचा म्हणाला, मामा, डिजिपिन वापर. पोस्टाने २०२५ मध्ये देशाचे चार बाय चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षरांची खूण दिली आहे. उत्साहाने आमची काढली. मग लक्षात आलं की त्या चौकोनाला उंचीच नाही. आमच्या खुणेत पाचही मजले एकावर एक.

कॅन्ससमधल्या एका शेतघराची हकीकत वाचून जरा बरं वाटलं. ज्या संगणकाचा ठावठिकाणा 'अमेरिकेत कुठेतरी' एवढाच कळे, त्याला एका कंपनीने देशाच्या मध्याजवळचा सोयीचा गोल आकडा देऊन टाकला: अक्षांश ३८, रेखांश उणे ९७. तो बिंदू नेमका त्या घराच्या अंगणात. साठ कोटींहून जास्त इंटरनेट पत्ते तिथे मुक्कामाला! एफबीआय, करवसुलीवाले, पळून गेलेली मुलं शोधणारे पोलीस, सगळे त्यांच्या दारात. आमच्याकडे निदान फक्त दाढा येतात.

शेवटी दारावर पाटी लावली: 'येथे दात काढले जात नाहीत. दवाखाना गणपतीच्या देवळापासून डावीकडे, दुसरी बिल्डिंग.' पत्ता वॉचमनने सांगितला होता. आठ महिने लोक पाटी वाचून मुकाट जात राहिले. एकही परत आला नाही, म्हणजे पत्ता बरोबर.

गेल्या मंगळवारी माझीच दाढ ठणकायला लागली. पाटीबरहुकूम निघालो. देवळापासून डावीकडे वळलो. दुसऱ्या बिल्डिंगखाली किराणा मालाचं दुकान.

मी गाल धरून उभा. तोंड उघडायच्या आत दुकानदार म्हणाला, "दवाखाना त्या बाजूला. देवळाकडे पाठ करायची, मग डावीकडे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"गाल दिसतोय की. आठ महिने झाले, कुणीतरी शहाणा रोज दोन-तीन माणसं इकडे धाडतोय." त्याने काउंटरवरची बरणी पुढे सरकवली. "लवंग देऊ? हल्ली बाहेरच काढून ठेवतो."

दहा रुपयांची घेतली.