अकोला, नागपूर आणि एक सुटा ‘इव्हन’

गावच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: “इंग्रजीला भिऊ नका, ती मराठीसारखीच आहे. दोन नावं अन् मधात ‘दॅन’ आलं की तुलना झाली. बाकी शब्द कुठंही ठेवा. इंग्रज लोकही तसंच बोलतात.” पोरांची भीती जावी ही तळमळ पटते. पण मी दहावीला इंग्रजी शिकवतो, गप्प बसवत नाही.

“मराठीसारखीच”? आपल्याकडे ‘पेक्षा’, ‘ही’, ‘च’ शब्दाला चिकटून असतात. म्हणून ‘नागपूरपेक्षा अकोला तापतो’ काय अन् ‘अकोला तापतो नागपूरपेक्षा’ काय, तुलना तीच. इंग्रजीतला ‘इव्हन’ सुटा. तो कोणाचा, हे जागाच सांगते. ‘इव्हन अकोला इज हॉटर दॅन नागपूर’ म्हणजे अकोलासुद्धा नागपूरपेक्षा तापला, जणू त्याच्याकडून ही अपेक्षाच नव्हती. मे महिन्यात अकोल्यात राहिलेला माणूस हसेल राजेहो! ‘अकोला इज इव्हन हॉटर दॅन नागपूर’ म्हणजे नागपूर तर तापतंच, अकोला त्याच्याही वर.

‘ओन्ली’ बघा. ‘धिस फील्ड गेव्ह ओन्ली हाफ ॲज मच कॉटन ॲज दॅट वन’: या वावरात त्या वावराच्या निम्माच कापूस निघाला. बरड असेल. आता ‘ओन्ली’ उचलून सुरुवातीला ठेवा: याच वावरात निम्मा निघाला, बाकीच्यांचं तसं नाही. मराठीतही ‘च’ हलवावाच लागला की!

“दोन नावं अन् दॅन” म्हणाल, तर ‘दॅन’शिवायही तुलना होते. ‘निअरली ॲज फुल’ म्हणजे तलाव जवळजवळ तितकाच भरलेला. आधी ‘नॉट’ आला की मात्र थोडा नव्हे, बराच रिकामा. पोरं इथं हमखास फसतात.

“इंग्रज लोकही तसंच बोलतात” हे म्हणणं अर्धं खरं आहे. बोलताना ते ‘ओन्ली’ सर्रास क्रियापदाआधी टाकतात, आवाजाच्या जोरावरून अर्थ कळतो. इंग्रजी शब्दवापरावरचं गाजलेलं पुस्तक लिहिणाऱ्या फाउलरसारख्या जाणकारानंही १९२६ साली या सवयीची बाजू घेतली होती. पण उत्तरपत्रिकेला आवाज नसतो.

एका ठिकाणी मात्र मराठीही तितकीच अडते. ‘मोर एक्सपिरियन्स्ड टीचर्स’, अधिक अनुभवी शिक्षक: अनुभव जास्त पाहिजे की शिक्षक? आमच्या शाळेचं विचाराल, तर दोन्ही.