तीच माणसं, पुन्हा पुन्हा मोजताना: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकाच प्रयुक्ताची (प्रयोगात भाग घेणाऱ्याची) तीन-चार वेळा चाचणी घेतली असेल तर रिपीटेड मेजर्स अनोव्हा (त्याच माणसांच्या वेगवेगळ्या वेळच्या मापांच्या सरासऱ्या ताडून पाहण्याची पद्धत) वापरावा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमचे आक्षेप तीन आहेत. सरावाने माणूस सुधारतो, म्हणून प्रयोगातल्या प्रत्येक अवस्थेसाठी वेगळ्या माणसांचा गट घ्यावा. ही पद्धत ज्या अटीवर उभी आहे त्या स्फेरिसिटीबद्दल मी चकार शब्द काढला नाही. आणि मिक्स्ड मॉडेल (माणसामाणसातला फरक समीकरणातच धरणारी आणि अपुऱ्या नोंदीही चालवून घेणारी पद्धत) आल्यापासून ही पद्धत कालबाह्य झाली. दुसरा आक्षेप पूर्ण मान्य, तिसरा अर्धा. पहिला मात्र मान्य नाही.

‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या संख्याशास्त्रज्ञ गॉसेटने 1908 च्या निबंधात झोपेच्या औषधांची आकडेवारी घेतली होती. दहा रुग्ण, प्रत्येकाला दोन्ही औषधं, आणि झोप किती तासांनी वाढली याची नोंद. पहिल्या औषधाची सरासरी 0.75 तास, दुसऱ्याची 2.33. ही वेगवेगळी माणसं आहेत असं धरून टी (सरासऱ्यांमधला फरक त्रुटीच्या किती पट आहे ते सांगणारा आकडा) काढला तर 1.86 येतो, म्हणजे 0.05 च्या पातळीवर सार्थक नाही, फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. प्रत्येक रुग्णाचा स्वतःशीच फरक काढला तर टी 4.06 येतो आणि पी (खरा फरक नसताना असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) 0.003 पेक्षाही कमी. आकडे तेच वीस. पहिल्या औषधाने एकाची झोप 1.6 तासांनी घटली होती, तर दुसऱ्या एकाची 3.7 तासांनी वाढली होती. माणसामाणसातली ही तफावत वेगळ्या गटांच्या हिशोबात त्रुटी म्हणून जमा होते आणि औषधांमधला फरक तिच्याखाली गाडला जातो. दोनच अवस्था असतील तर रिपीटेड मेजर्स अनोव्हा म्हणजे हीच जोडीची टी-चाचणी. एफ (अनोव्हाच्या निकालाचा आकडा) हा टीचा वर्ग, इथे 16.5. चाळीस विद्यार्थी जमवताना ज्याची दमछाक होते त्या एम.ए.च्या मुलीला वेगळे गट घ्यायला सांगणं म्हणजे तिच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार काढून घेणं आहे.

सरावाचा परिणाम खरा आहे, पण त्यासाठी प्रतिसंतुलन आहे: अर्ध्यांना आधी ‘अ’, अर्ध्यांना आधी ‘ब’. मानसशास्त्रज्ञ स्ट्रूपने 1935 मध्ये शाईचा रंग सांगण्याचा प्रयोग त्याच 100 विद्यार्थ्यांवर दोन्ही अवस्थांत केला (नुसत्या रंगीत चौकोनांना लागलेले 63.3 सेकंद, दुसऱ्याच रंगाचं नाव त्या शाईत छापलं की 110.3 झाले), आणि पुढच्या प्रयोगात तर त्याने सरावालाच अभ्यासाचा विषय केलं. तुमचं म्हणणं एका ठिकाणी मात्र बिनतोड आहे. स्मरणाची एखादी युक्ती शिकवली की ती विसरायला लावता येत नाही. तिथे क्रम उलटसुलट करून भागत नाही, वेगळा गटच हवा.

आता स्फेरिसिटी. ती मी गाळली ही चूकच. अट अशी की कुठल्याही दोन अवस्थांमधल्या फरकाचं प्रसरण (तो माणसागणिक किती विखुरतो याचं माप) सारखं हवं. पाठांतर लगेच, एका दिवसाने, आठवड्याने आणि महिन्याने तपासलं तर हे क्वचितच जमतं. लागून आलेल्या मापांमधला फरक सगळ्यांचा जवळपास सारखा असतो, पहिल्या आणि शेवटच्यातला माणसागणिक फार बदलतो. 20 प्रयुक्त आणि चार मापं असतील तर स्वाधीनता मात्रा (मापं आणि माणसं यांच्या संख्येवरून ठरणारे दोन आकडे) 3 आणि 57, आणि सार्थक ठरायला एफला ओलांडावी लागणारी मर्यादा 2.77. अट किती मोडली ते सांगणारा एप्सिलॉन (1 म्हणजे अट पूर्ण पाळली) 0.6 निघाला तर ग्रीनहाऊस-गायसर दुरुस्तीने मात्रांना त्याने गुणून त्या 1.8 आणि 34.2 होतात, आणि मर्यादा 3.28 च्याही वर जाते. म्हणजे एफ 3.0 आला असेल तर दुरुस्तीआधी ‘सार्थक’ आणि दुरुस्तीनंतर नाही. स्फेरिसिटी पाळली गेली का ते तपासणाऱ्या मॉकलीच्या 1940 च्या चाचणीवर (हाच मॉकली पुढे एनिअ‍ॅक संगणकाचा एक जनक झाला) लहान नमुन्यात विसंबू नये, ती उल्लंघन सहज नजरेआड करते. मी तर आता दुरुस्त आकडेच द्यायला सांगतो.

मिक्स्ड मॉडेलबद्दलचा अर्धा होकार मी स्वतः पोळून शिकलोय. एका प्रबंधात 36 पैकी 11 मुलं चौथ्या चाचणीला आलीच नाहीत. प्रोग्रॅमने त्यांच्या आधीच्या तिन्ही नोंदींसकट अकराच्या अकरा जण गुपचूप वगळले, आणि तक्त्यातला 25 हा आकडा माझ्या लक्षात आला तो सगळं लिहून झाल्यावर. तिथे मिक्स्ड मॉडेलच हवं होतं. पण एक सांगतो: नोंदी पूर्ण असतील आणि मॉडेलमध्ये प्रत्येक प्रयुक्ताला फक्त स्वतःचा रँडम इंटरसेप्ट (स्वतःची वेगळी मूळ पातळी) दिला असेल, तर सर्वसाधारणपणे एफ अनोव्हाचाच येतो. कारण ते मॉडेलही कुठल्याही दोन मापांमधला सहसंबंध सारखाच धरून चालतं. तुम्ही ज्या स्फेरिसिटीवरून मला धरलंत, तीच अडचण तिथे नाव न घेता येऊन बसते. फरक एवढाच की इशारा देणारा तक्ता समोर येत नाही.

मूळ लेखात स्फेरिसिटी आणि गळती यांवर दोन परिच्छेद आज रात्री घालतो. वेगळ्या गटांची शिफारस मात्र घालणार नाही.