बसायला जागा

मराठी माणूस दारू पीत नाही, तो बसतो. "शनिवारी बसूया का?" असं कुणी विचारलं की समोरचा "कशावर?" असं विचारत नाही, "कुठे?" असं विचारतो. लग्न ठरवताना मुलाकडच्यांची चौकशी करणारा मामासुद्धा आवाज खाली आणून "मुलाचे वडील बसतात का हो?" एवढंच विचारतो. तर अशा भाषेत वाढलेल्या माणसाने बार शोधायचा म्हणजे आधी बूड टेकायला धड जागा शोधायची. आम्हा चौघांना हे कळायला वर्ष गेलं.

आम्ही ठाण्याचे. नौपाडा, पाचपाखाडी, घंटाळी असे विखुरलेले आणि पन्नाशी ओलांडलेले. मास्तर आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालाय. बँकवाल्याचा डावा गुडघा गेलाय. डॉक्टर हा डॉक्टर नाही, पण एवढे आजार अंगावर बाळगून असतो की आम्हीच त्याला ती पदवी दिली. चौथा मी. माझी व्यथा एवढीच की चाळिशीचा चष्मा लावल्याशिवाय मला भाव दिसत नाहीत आणि लावल्यावर बघवत नाहीत.

पूर्वी आम्ही एकमेकांच्या घरी बसायचो. मग कुणाच्या सुना आल्या, कुणाकडे नातवंडं. बँकवाल्याचा नातू एकदा माझ्या पेल्याकडे बोट दाखवून "हे सरबत मला का नाही?" असं विचारता झाला, त्या दिवशी तो अड्डा मोडला.

जागेबद्दल आमच्या अटी फार नव्हत्या. चालत घरी येता यावं इतकी ती जवळ असावी आणि सोसायटीतलं कुणी भेटणार नाही इतकी लांब असावी. मास्तरने कागदावर दोन वर्तुळं काढून दाखवली. ती एकमेकांना कुठेच छेदत नव्हती.

पहिला प्रयोग घोडबंदर रोडवर झाला, जिथे बिअर तिथल्या तिथे बनवतात. दारातल्या पहिलवानाने मनगटावर शिक्का मारला, जनावराला मारावा तसा. आत बघतो तर खुर्च्या नाहीतच, उंच उंच स्टुलं. बँकवाल्याने गुडघा धरून दोनदा चढाई केली. तिसऱ्या वेळी वेटरने बगलेत हात घालून त्याला वर बसवला. त्यानंतर तो तीन तास खाली उतरला नाही, कारण उतरला तर परत चढवणार कोण? आवाज एवढा की आम्ही चौघं चार वेगवेगळ्या विषयांवर बोलत होतो, हे रिक्षात बसल्यावर कळलं. चकणा म्हणून शेंगदाणे मागवले. ते काचेच्या उभ्या पेल्यात आले, वर कोथिंबिरीचं एक पान, किंमत दोनशे पंच्याण्णव. मास्तरने दाणे मोजले आणि एका दाण्याचा दर काढला. तो आकडा मी इथे लिहीत नाही. शिक्का मात्र दोन दिवस गेला नाही. दुसऱ्या दिवशी मास्तर भाचीच्या साखरपुड्यात भर उकाड्यात लांब बाह्यांचा झब्बा घालून वावरला.

मग एका 'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार'मध्ये गेलो. या नावाचं मला कायम कुतूहल वाटतं, कारण फॅमिलीपासून दूर जायलाच तर माणूस तिथे जातो. आत एसी हॉल होता आणि अंधार. नॉन-एसीला वेगळा दर, एसीला वेगळा. एसीच्या जादा पैशात उजेड बसत नसावा. मोबाइलच्या टॉर्चवर मेन्यू वाचायला घेतला तर शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याने तोंडं लपवली. शेवटी डॉक्टरने अंदाजाने बोट ठेवलं आणि दोन प्लेट बॉइल्ड व्हेज आल्या. व्हिस्कीबरोबर उकडलेला फ्लॉवर खाताना माणूस मनाने फार खचतो.

चौघांना एकदम मोकळा दिवस मिळणं हे तर वेगळंच दिव्य. महिनाभर फोनाफोनी करून आम्ही एक तारीख पक्की केली. त्या दिवशी कुणालाच काम नव्हतं, मुलं-सुना बाहेरगावी, सगळं जुळून आलेलं. ती तारीख २ ऑक्टोबर होती. सगळ्यांना सुट्टी असते तो दिवस ड्राय डे असतो, ही सरकारची योजना आहे की योगायोग, यावर आम्ही त्या संध्याकाळी तलावपाळीवर मसाला दूध पीत चर्चा केली.

मास्तरला या निमित्ताने कायदा वाचायचा नाद लागला. आपल्याकडे दारूबंदीचा कायदा १९४९चा, आणि तो अजून आहे. म्हणूनच बारच्या पाटीवर 'परमिट रूम' असतं. नियमाने प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा पाच रुपयांत, वर्षाचा शंभर, आजीवन हजार. आणि तो कशासाठी द्यायचा, तर आरोग्य टिकवण्यासाठी! हे ऐकून डॉक्टरचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत त्याची बाजू प्रथमच कुणीतरी घेतली होती. त्याने आजीवन परवाना काढायचं ठरवलं. मास्तर म्हणाला, "काढ. पण हजार वसूल व्हायला दहा वर्षं जगावं लागेल आणि दहा वर्षं प्यावंही लागेल. तुला दोन्ही एकदम जमणार आहे का?"

हायवेजवळचा एक बरा बार बँकवाल्याला आठवत होता. पण २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने हायवेपासून ५०० मीटरच्या आतली दुकानं बंद झाली त्यात त्या बारने जे शटर ओढलं, ते नंतर नियम सैल झाल्यावरही उघडलं नाही. तिकडे केरळात एका बारवाल्याने म्हणे दारासमोर नागमोडी वाट बांधून अंतर भरून काढलं होतं. बँकवाल्याचा गुडघा बघता आमच्यासाठी तसला बार काय कामाचा!

अखेर जागा सापडली ती पावसामुळे. स्टेशनकडून येताना सर आली म्हणून एका जिन्याखाली उभे राहिलो, तर तो जिना परमिट रूमचा निघाला. सनमायका निघालेली टेबलं, रेक्झिनच्या खुर्च्या, आणि खुर्च्यांना पाठ! डोक्यावर पंखा, ट्यूबलाइटचा लख्ख उजेड, गल्ल्यावर अण्णा, त्यांच्या मागे गणपती आणि हार. न मागता ताटलीत भिजवलेले चणे, काकडी, उकडलेले दाणे. हे फुकट. मास्तरने मोजले नाहीत. क्वार्टर सील तोडून समोर ठेवली. एकशेऐंशी मिली भागिले चार, पंचेचाळीस. मास्तरने पेल्याला डोळा लावून ती अशी ओतली की थेंबाचा फरक नाही. आणि एकमेकांचं बोलणं ऐकू येत होतं. तेव्हा समजलं की डॉक्टर गेली चार वर्षं तोच किस्सा सांगतोय.

तिसऱ्या खेपेला वेटरने नुसतं बघितलं आणि विचारलं, "नेहमीचं?" 'नेहमीचं' म्हणायला कुणीतरी लागतं हो. मला बँकेत, मंडळात, स्वतःच्या घरातसुद्धा असं कुणी विचारत नाही. घरी मी मंगळवारी मराठी ग्रंथसंग्रहालयात बसतो असं सांगितलेलं. १८९३ सालची संस्था, तिच्यावर कोण संशय घेणार? आणि 'बसतो' हा शब्द तर शंभर टक्के खरा होता. मध्यंतरी माझा वाचायचा चष्मा हरवला, तेव्हाही मी "वाचनालयात राहिला असेल" असंच म्हणालो. बायको बिचारी परस्पर तिथे जाऊन शोधायला लावून आली.

रविवारी सकाळी आम्ही जांभळी नाक्याच्या मंडईत. मी पिशव्या धरून, ती काकड्या दाबून बघत. शेजारी एकजण गोणीभर काकड्या आणि लिंबं घेत होता. त्याने वळून पाहिलं आणि चेहरा फुलला.

"साहेब! चष्मा तुमचा आमच्याकडेच आहे. मंगळवारपासून गल्ल्यात ठेवलाय, अण्णांनी सांगितलंय तुम्हालाच द्यायचा." मग बायकोकडे वळून अदबीने, "वहिनी, तुम्ही पण या ना. वरती फॅमिली सेक्शन आहे."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्या गोणीकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"काकडी काय भावाने घेतली?" तिने त्याला विचारलं.

"चाळीस."

"आम्हाला साठ सांगतोय हा."

"असं कसं? थांबा वहिनी." असं म्हणून तो गोणी खाली ठेवून भाजीवाल्यावर धावून गेला. त्याच्या पाठोपाठ बायको. मी दोन्ही पिशव्या सांभाळत लिंबांच्या गोणीवर बसलो.