कॅमेरा असला तरी कबड्डीला पंच लागतोच

सध्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर जोरात फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: टेनिसच्या विम्बल्डनने पंच काढून टाकले, क्रिकेटला डीआरएस (अंपायरचा निर्णय कॅमेऱ्याने तपासायची सोय) आहे, फुटबॉलला व्हीएआर (व्हिडिओ बघून रेफरीला मदत करणारे पंच) आहे. रेफरीचं काम आता शिट्टी फुंकण्यापुरतं उरलंय आणि तेही तो पक्षपातानेच करतो. तेव्हा गावोगावच्या कबड्डी स्पर्धांनी पंचांचं मानधन वाचवावं, मोबाईलवर शूटिंग करावं आणि वाद झालाच तर दोन्ही कर्णधारांनी व्हिडिओ बघून मिटवावा. कबड्डीवर जीव असलेली माणसंही हे पुढे पाठवताहेत, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी विम्बल्डन. २०२५ मध्ये तिथून गेले ते रेषेवरचे पंच; चेंडू आत की बाहेर, हे त्यांच्याऐवजी यंत्र सांगू लागलं. उंच खुर्चीवरचा मुख्य पंच आहे तिथेच आहे. आणि त्याच वर्षी पावल्युचेन्कोवा आणि कार्टल यांच्या सामन्यात ती स्वयंचलित यंत्रणा कोर्टाच्या एका बाजूला चुकून बंद राहिली. चेंडू सरळसरळ बाहेर पडला, तरी ‘आऊट’ असा आवाज आलाच नाही. गुण पुन्हा खेळवायचा, हे शेवटी खुर्चीवरच्या माणसालाच ठरवावं लागलं. पावल्युचेन्कोवाला तो निर्णय पटला नाही, पण सामना पुढे गेला.

डीआरएसमध्येही चेंडू यष्टीला जेमतेम लागताना दिसला, तर अंपायरचा मैदानावरचा निर्णयच कायम राहतो. व्हीएआरवाले रेफरीला सुचवतात. शेवटचा शब्द त्याचाच. म्हणजे या तिन्ही खेळांनी माणूस ठेवूनच यंत्र आणलंय.

आता मुख्य मुद्दा: ‘व्हिडिओ असला की वादच उरत नाही.’ ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ, आशियाई स्पर्धेची पुरुष कबड्डीची अंतिम लढत, भारत विरुद्ध इराण. २८-२८ अशी बरोबरी, शेवटचे क्षण, भारताच्या पवन सेहरावतची ‘करो या मरो’ चढाई, म्हणजे गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. कोणालाही स्पर्श न करता तो राखीव क्षेत्रात (मैदानाच्या कडेची पट्टी, स्पर्श झाल्याशिवाय तिथे जाता येत नाही) गेला आणि त्याच्यामागोमाग इराणचे बचावपटूही गेले. हे सगळं कॅमेऱ्यात स्वच्छ होतं, जगाने पाहिलं. तरीही सामना जवळजवळ तासभर थांबला! कारण पाय कुठे पडला यावर वाद नव्हताच. जुन्या नियमाने मागे गेलेले बचावपटूही बाद, नव्या नियमाने फक्त चढाईपटू बाद. लागू कोणता, हा वाद होता. याचं उत्तर कुठल्याही चित्रफितीत सापडणार नव्हतं. अधिकाऱ्यांनी त्या दिवशी निर्णय फिरवत ठेवले, हे वाईटच झालं, आणि दोन्ही संघांना संतापायचा हक्क होता. पण त्यावर उपाय म्हणजे सामन्याआधी नियम पक्का सांगणं आणि पंच नीट तयार करणं. त्या गोंधळात पंचच नसते, तर भारताचा ३३-२९ असा विजय नोंदवायला सामना पूर्ण तरी झाला असता का?

मोबाईलवाल्यांनी एक बोनस गुण डोळ्यांपुढे आणावा. समोर सहा किंवा सात बचावपटू, चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकतो, त्याच क्षणी मागचा पाय हवेत हवा. मैदानाच्या एका कडेला उभ्या असलेल्या मोबाईलला मध्ये आलेल्या बचावपटूची पाठ दिसते. पंच रेषेच्या सोबत सरकत असतो, गुडघ्यात वाकून दोन्ही पाय एकदम बघतो. आणि दम? ‘कबड्डी कबड्डी’चा उच्चार मध्येच तुटला, की चढाई संपली. ढोलताशे आणि लाऊडस्पीकरच्या गोंगाटात तो तुटलेला दम मोबाईलमध्ये कसा ऐकू येणार?

‘फक्त शिट्टी फुंकतो’ म्हणणाऱ्यांनी पकड बघावी. चार जण चढाईपटूवर पडलेत, कोणी त्याचं तोंड दाबतंय, कोणी पायांची कात्री मारतंय. त्या क्षणी वाजलेली शिट्टी एखाद्या पोराचा गुडघा वाचवते. व्हिडिओ नंतर फार तर चूक कोणाची ते दाखवेल. हिरवं, पिवळं, लाल कार्डही त्यासाठीच आहे. पिवळं मिळालं की दोन मिनिटं बाहेर बसून डोकं शांत होतं.

राहिला पक्षपात. तो होतो, मी नाकारत नाही. पण कर्णधारांनी आपसात मिटवायचं हा प्रयोग फुटबॉलने सुरुवातीलाच करून पाहिलाय. मग प्रत्येक संघ आपापला अंपायर आणू लागला, आणि त्या दोघांचं जमलं नाही तर मैदानाबाहेरच्या तिसऱ्याकडे दाद मागायची, अशी रीत पडली. १८९१ मध्ये त्या तिसऱ्यालाच मैदानात घेतलं आणि निर्णयाचा अधिकार दिला. तोच आजचा रेफरी. कबड्डीतही दोन पंच आणि त्यांच्यात मतभेद झाल्यास निर्णय देणारा सरपंच, ही रचना त्याच गरजेतून आलीय. स्थानिक पंचावर विश्वास नसेल, तर शेजारच्या तालुक्यातून पंच बोलवा, त्याला जाण्यायेण्याचं भाडं द्या आणि मानधन त्याच संध्याकाळी हातात ठेवा. मोबाईलवर शूटिंगही जरूर करा, सामन्यानंतर पंचांनाच ते बघायला द्या.