हाताने की-फ्रेम कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गेमसाठी कॅरेक्टर ॲनिमेशन शिकायला सुरुवात कुठून करावी, या माझ्या लेखावर तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. तुम्ही स्वतः मोबाइल गेमच्या स्टुडिओत ॲनिमेटर आहात. तुमचं म्हणणं दोन ओळींत निकालात काढण्यासारखं नाही, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

बाकीच्या वाचकांसाठी आधी वाद काय आहे ते सांगते. मी लिहिलं होतं की नवशिक्याने पहिले काही महिने तयार क्लिप (आधीच बनवून ठेवलेल्या हालचाली) आणि मोशन कॅप्चर (खऱ्या माणसावरून टिपलेल्या हालचाली) यांच्या वाटेला जाऊ नये. उसळणारा चेंडू, चालणं, पळणं, उडी आणि एखादा वार, एवढंच हाताने, पोझमागून पोझ लावून (यालाच की-फ्रेम करणं म्हणतात) बनवावं आणि बनवलेली प्रत्येक गोष्ट इंजिनमध्ये, म्हणजे गेम ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरमध्ये, घालून खेळून बघावी. तुमचे आक्षेप असे: मिक्सामो या संकेतस्थळावर फुकट क्लिप मिळतात, अनरिअल या गेम इंजिनने २०२४ मध्ये पाचशेहून अधिक क्लिप असलेला नमुना प्रकल्प फुकट दिला, मग मुलांना हाताने चालणं बनवायला लावणं म्हणजे त्यांचा वेळ दवडणं. ॲनिमेशनची प्रसिद्ध बारा तत्त्वं सिनेमाची आहेत, गेममध्ये ती जशीच्या तशी चालत नाहीत. इंजिन हे प्रोग्रामरचं काम, नोकरी देणारा शो-रील (आपल्या कामाचा छोटा व्हिडिओ) बघतो. आणि नवशिक्याला रिग (पात्र हलवण्यासाठीचा आतला हाडांचा सांगाडा) बनवायला बसवू नये.

रिगबद्दल आपलं काहीच भांडण नाही. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रिग बनवून देणारं रिगिफाय आहे, फुकट मिळणारे चांगले तयार रिगही आहेत, त्यातला एक घ्यावा आणि कामाला लागावं. बाकी तिन्हींबद्दल मात्र मला बोलायचं आहे, आणि इंजिनपासून सुरुवात करते, कारण इतर दोन्हींची उत्तरं तिथेच दडलेली आहेत.

सिनेमात पात्र केव्हा वळणार हे ॲनिमेटर ठरवतो. गेममध्ये ते खेळणारा ठरवतो, आणि तो आधी सांगून ठरवत नाही. पात्राचा डावा पाय हवेत असताना तो उडीचं बटण दाबेल, वार अर्ध्यावर असताना मागे सरकेल, जिन्याच्या मधल्याच पायरीवर थांबेल. अशा प्रत्येक वेळी ॲनिमेटरपुढे एकच पेच असतो: हुकूम तत्काळ पाळायचा, की या शरीराला वजन आहे हे दाखवायचं? दोन्ही एकदम पुरेपूर मिळत नाही. तत्काळ पाळलं तर पात्र पोकळ वाटतं. वजन दाखवत बसलो तर खेळणारा वैतागून म्हणतो, ‘अरे, मी दाबलं होतं!’ गेम ॲनिमेशन शिकायचं म्हणजे माझ्या दृष्टीने हा पेच सोडवायला शिकायचं.

याची दोन टोकं बघायची असतील तर १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स आणि १९८९ चा प्रिन्स ऑफ पर्शिया शेजारी शेजारी ठेवून खेळावेत. प्रिन्स ऑफ पर्शियाचा कर्ता जॉर्डन मेकनर याने आपल्या धाकट्या भावाला पळताना, उड्या मारताना व्हिडिओवर टिपलं आणि त्यावरून एकेक फ्रेम उतरवून राजपुत्र उभा केला. इतक्या वर्षांनीही तो राजपुत्र हाडामांसाचा वाटतो. पण हाडामांसाचा आहे म्हणूनच तो भरधाव पळताना जागच्या जागी थांबत नाही. थांबायला त्याला पावलं लागतात, उडी घ्यायला पाय टेकावा लागतो. मारिओकडे धावण्याची तीन चित्रं आणि उडीचं एक. बटण दाबलं की तो हवेत असतो, हवेतही वळवता येतो, बटण धरून ठेवलं तर आणखी वर जातो. दोघंही आपापल्या खेळात चपखल बसतात, कारण मेकनरने खड्डे, कडे आणि सुळे त्या जड पावलांच्या मापानेच रचले आणि जपून एकेक पाऊल टाकण्याची वेगळी सोयही दिली. राजपुत्राची चाल उचलून मारिओच्या खेळात घातली तर पहिल्या काही खड्ड्यांतच खेळ संपेल. आता हे नुसता व्हिडिओ बघून कसं कळणार? अंगठा बटणावर असेल तरच कळतं.

अगदी रोजचं उदाहरण देते. माझ्याकडे शनिवार-रविवारी शिकायला येणारी मुलं वार छान बनवतात, युनिटी या इंजिनात घालतात आणि म्हणतात, ‘ताई, हे चिकटल्यासारखं होतंय.’ मग ती पुन्हा ब्लेंडर उघडून पोझ बदलायला लागतात. पोझमध्ये काही बिघडलेलंच नसतं. युनिटीत एका क्लिपकडून दुसऱ्या क्लिपकडे बाण ओढला की ‘हॅज एक्झिट टाइम’ ही खूण आपोआप लागते. तिचा परिणाम असा, की चालण्याची क्लिप ठरलेल्या जागी पोचेपर्यंत वार सुरूच होत नाही. वर दोन क्लिप एकमेकींत मिसळायला पाव सेकंद जातो तो वेगळाच. खूण काढली, मिसळण्याचा वेळ ०.०५ सेकंदावर आणला, की तोच वार सणसणीत लागतो. प्रोग्रामर हे दोन क्लिकमध्ये करून देईल, कबूल. पण मिसळण्याचा वेळ इतका कमी केल्यावर खांदा झटका खातोय का, कंबर एकदम उडी मारतेय का, हे बघायची नजर ॲनिमेटरची असते. ती नजर तयार व्हायची तर मुलाने स्वतः तिथे बसायला हवं. त्याला कोड लिहिता आलं पाहिजे असं मी म्हणतच नाही. बाण ओढता आले, खुणा वाचता आल्या, तरी पुष्कळ झालं.

आता बारा तत्त्वं. ती जशीच्या तशी लागू होत नाहीत हे तुमचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. पण मला वाटतं, ती नीट शिकण्याचं कारणच हे आहे. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम म्हणजे १६-१७ मिलिसेकंद. समोर काही घडलेलं दिसल्यावर माणसाला साधी प्रतिक्रिया द्यायलाच २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. आता अँटिसिपेशनचं तत्त्व घ्या. कोणतीही मोठी हालचाल करण्याआधी शरीर उलट्या दिशेला जातं, हात मागे जातो, वजन मागच्या पायावर येतं. खेळणाऱ्याच्या पात्राला हे १५ फ्रेम दिले तर बटण तुटल्यासारखं वाटेल, म्हणून ते पाच-सहा फ्रेमवर आणावं लागतं. शत्रूला मात्र १५ हून कमी देऊन चालणारच नाही, नाहीतर खेळणाऱ्याला वार चुकवायला संधीच उरत नाही. त्याला ३०-४० फ्रेम द्या, उगारलेला हात क्षणभर तसाच तोलून धरा. तलवार तीच, हात तसाच, तरी पात्र कुणाच्या ताब्यात आहे यावर तत्त्वाचा वापर पार उलटा होतो.

मग खेळणाऱ्याच्या पात्राचं वजन दाखवायचं कुठे? वार झाल्यावर. उगारायला सहा फ्रेम, वार तीन फ्रेम आणि सावरायला १८-२० असं साधारण माप धरा. सावरताना कंबर खाली बसू द्या, मागचा पाय किंचित फरफटू द्या, हात पुढे निसटून मग परत येऊ द्या. इथे आणखी एक अडचण येते, आणि मला ती फार आवडते. सावरण्याच्या साधारण मध्यावर खेळणाऱ्याला वार सोडून बाजूला उडी घेता आली पाहिजे. म्हणजे त्या फ्रेमला पात्राचे पाय अशा जागी हवेत की तिथून उडी निघू शकेल. वजन अजून पूर्ण पुढच्या पायावर लोंबकळत असेल तर उडी खोटी दिसणार. रीलसाठी बनवलेल्या वारात हा विचार करायची वेळच येत नाही, कारण रीलमधल्या पात्राला मध्येच कुणी हाक मारत नाही.

तयार क्लिपचा मुद्दा तुमच्या प्रतिक्रियेत सर्वांत जोरदार आहे. मीही मिक्सामो वापरते. दिवसभरात खेळाचा कच्चा आराखडा उभा करायचा असेल तर त्यासारखी सोय नाही. पण एक प्रयोग सुचवते. पात्राच्या हातात दांडपट्टा द्या आणि त्यावर तलवारीची तयार क्लिप लावून बघा.

तलवार मुठीत असते, मनगट मोकळं असतं, आणि वाराचा बराचसा वेग मनगटाच्या झटक्यातून येतो. पट्ट्यात हात खोबळ्यात जातो, मूठ आत आडवी असते आणि कोपरापाशी पोचणारं ते लोखंडी कवच मनगट जखडून टाकतं. पातं आणि कोपरापुढचा हात एका रेषेत. त्यामुळे पट्टा फिरतो तो खांद्यातून आणि धडातून. कोल्हापुरात मर्दानी खेळ बघितला असेल तर आठवून बघा, खेळणारा नुसता हात हलवत नाही, सबंध अंग फिरवतो, बसतो, उसळतो. तयार क्लिपमध्ये शस्त्र हाताच्या पंजाच्या हाडाला जोडलेलं असतं, म्हणून मनगट हललं की पट्टा कोपरापुढे मोडल्यासारखा दिसतो. ठीक, पट्टा पंजाऐवजी कोपरापुढच्या हाडाला जोडू. आता मोडत नाही, पण वार लुळा पडतो, कारण मनगटातून येणारा वेग गेला आणि त्याची भरपाई करायला खांदा आणि कंबर क्लिपमध्ये तयारच नाहीत. मग काय करायचं? कंबर आधी वळवायची, तिच्यामागून छाती, मग खांदा, मग हात, प्रत्येकात दोन-तीन फ्रेमचं अंतर ठेवून. पातं लवचिक असतं, म्हणून त्यालाही तीन-चार हाडं देऊन टोक मागे रेंगाळू द्यायचं. ही झाली हाताने केलेली की-फ्रेम. ज्याने चेंडू आणि चालणं हाताने केलेलं नाही, तो इथे हात टेकतो. क्लिप चुकीची आहे एवढं त्याला जाणवतं, पण नेमकी कुठे ते सांगता येत नाही.

आपल्या मातीतल्या खेळांची पात्रं बनवणाऱ्यांना हे पावलोपावली भेटणार आहे. लेझीम, मल्लखांब, डोक्यावर हंडा घेऊन चालणारी बाई, यातलं तयार क्लिपांच्या साठ्यात क्वचितच काही सापडेल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओचा ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये आला. त्यातली मुलगी भिंतीवरून धावते, खांबाला धरून गोल फिरते आणि तिथूनच वार करते. अशा हालचाली त्या भिंती आणि त्या खांबांच्या मापानेच घडवाव्या लागतात.

अगदी साध्या चालण्यालाही तयार क्लिप जशीच्या तशी बसत नाही. एका सेकंदाच्या फेरीत १.४ मीटर जाणारी चाल आहे आणि खेळात वेग सेकंदाला २ मीटर ठेवलाय, तर पाय घसरणारच. क्लिप वेगाने चालवली तर माणूस लगबगीने निघालेला दिसतो. टांग लांबवायची तर कंबर किती खाली येईल, हात किती झुलतील, हे सगळं पुन्हा लावावं लागतं. शिवाय पहिली आणि शेवटची फ्रेम एकच राहिली की दर फेरीला बारीक अडखळ येते. ब्लेंडर मुळात सेकंदाला २४ फ्रेमवर उघडतो, ते काम सुरू करण्याआधीच ३० किंवा ६० करून घ्यावं. मोशन कॅप्चरही असंच पुसून, छाटून, ताणून घ्यावं लागतं, हे तुम्हाला मी काय सांगावं.

मोशन मॅचिंगचा उल्लेख तुम्ही केलात. युबिसॉफ्टच्या सायमन क्लावे यांनी २०१६ च्या जीडीसी या गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत ‘फॉर ऑनर’ या गेमच्या निमित्ताने ते मांडलं, तेव्हापासून मलाही त्याचं कौतुक आहे. आत्ताची पोझ आणि पुढे जायची दिशा बघून साठ्यातली सर्वांत जुळणारी फ्रेम सतत शोधत राहायची, ही कल्पना सुंदर आहे. त्यामुळे बाण ओढण्याचं काम खरंच कमी होतं. पण साठ्यात काय भरायचं, कोणती वळणं टिपायची, कुठली पावलं गाळायची, हा निर्णय कुणीतरी घ्यावा लागतो. हुकूम आणि वजन यांतला पेच तसाच राहतो, फक्त तो आता साठा निवडताना सोडवायचा. आणि मोबाइलवर एवढा साठा मेमरीत ठेवणं किती जड जातं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

राहिला शो-रील. तो लागतोच, त्याशिवाय दार उघडत नाही. मी मुलांना एवढंच सांगते की निम्मा रील खेळातूनच रेकॉर्ड करा, आणि कोपऱ्यात दाबलेली बटणं दिसू द्या, म्हणजे बटण आणि हालचाल यांत किती अंतर आहे ते बघणाऱ्याला कळेल. जमलं तर एक खोली, एक शत्रू आणि एक पात्र एवढाच छोटा खेळ इच डॉट आयओ या गेमच्या संकेतस्थळावर टाकून त्याची लिंक रीलखाली द्या.

शेवटी मला तुमच्याकडूनच एक गोष्ट जाणून घ्यायची आहे. कंट्रोलरचं बटण बोटाला जाणवतं. मोबाइलच्या काचेवर काहीच जाणवत नाही, शिवाय अंगठा पडद्याचा एक कोपरा झाकून टाकतो. म्हणजे हुकूम पोचल्याची पावती पात्राच्या पहिल्या एक-दोन फ्रेममधूनच द्यावी लागत असणार. तुम्ही तिथे काय करता? पहिल्याच फ्रेमला पोझ एकदम बदलता, की अंग हळू निघू देऊन पायाशी धूळ किंवा चमक दाखवून वेळ मारून नेता? एखादं उदाहरण घेऊन लिहिलंत तर पुढच्या शनिवारी ते मी मुलांना करून बघायला सांगेन.