कान तेवढे माझे

काल लग्नाचा अल्बम घरी आला. चारपाच पानं उलटून आत्याने विचारलं, "अरे, हिने दोन लग्नं केली का?"

प्रश्न रास्त होता. दुपारी उघड्यावर काढलेल्या फोटोंत बायकोशेजारी एक सावळा, घामेजलेला, बऱ्यापैकी खूश माणूस उभा आहे. तो मी. संध्याकाळी फ्लॅश सुरू झाला आणि त्याच्या जागी पिठाच्या गिरणीत रात्रपाळी करून थेट स्टेजवर चढलेला कोणीतरी आला. तोही मीच. डोळ्यांखाली दोन पांढरी अर्धवर्तुळं, नाकावर पांढरा पट्टा, मिशीत भुकटी. मान मात्र दुपारचीच. आणि कान! त्यांना कोणी बोटही लावलं नव्हतं, त्यामुळे ते दोन्हीकडून उसने आणून चिकटवल्यासारखे दिसतात.

बायको प्रत्येक फोटोत सुंदर आहे. तिची महिनाभर आधी ट्रायल झाली होती. फाउंडेशनच्या तीन शेड जबड्यावर ओढून, खिडकीशी नेऊन, उजेडात बघून एक ठरली. थोड्या वेळाने ती काळपट पडते का, तेही पाहिलं. फ्लॅशमध्ये रंग उडतो म्हणून गाल आरशात जरा भडकच वाटतील इतके रंगवले आणि मोबाइलचा फ्लॅश मारून खात्री केली. माझ्या वाट्याला शेवटची दहा मिनिटं आली, एक पिवळा बल्ब आला आणि मेकअपवाल्या बाईंचा असिस्टंट आला. वय फार तर एकोणीस. आत्मविश्वास मेंदूच्या सर्जनचा.

"सर, फक्त टचअप."

"मला काही नको. तोंड धुतलंय मी."

"तेच दिसतंय सर फोटोत."

"फोटो अजून काढलाच नाहीये."

"मला आधीच दिसतो सर."

यावर काय बोलणार? त्याने सनस्क्रीन थापलं. म्हटलं, रात्री कसलं ऊन? "सवय लागलेली बरी सर." मग एक बाटली उघडली. मी ओळखली.

"ही तर तिच्या शेडची."

"आता दोघांचं सगळं एकच ना सर."

शेवटी पफ आला. प्रत्येक थापेसरशी ढग उठत होता आणि मी ढगाच्या आतून बोलत होतो.

"हे फार होत नाहीये का?"

"पारदर्शक आहे सर. दिसतच नाही."

"मग लावतोस कशाला?"

"न दिसण्यासाठी."

"आणि मान?"

"मानेकडे कोण बघतं सर?"

"कान?"

त्याने माझ्या कानांकडे बराच वेळ पाहिलं. डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात ना, तसं. मग म्हणाला, "कानांचं नंतर बघू."

ते नंतर अजून यायचंय. खोटं कशाला बोला, त्या पिवळ्या बल्बखाली मी स्वतःला आवडलो होतो. दोनदा वळून पाहिलं आरशात.

काल रात्री झोप येईना, म्हणून या प्रकाराचा छडा लावत बसलो. ती पारदर्शक पावडर म्हणजे बारीक सिलिका. साध्या उजेडात डोळ्यांना दिसत नाही. पण फ्लॅशचा झोत लेन्सच्या शेजारूनच निघतो आणि ती तो सरळ लेन्सकडे परतवते. सनस्क्रीनमधलं झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडही त्याच घराण्यातलं. म्हणजे पोरगा एका अर्थी खरंच बोलला होता. कॅमेऱ्याचं आणि डोळ्यांचं पहिल्यापासूनच पटत नाही म्हणा. कृष्णधवल काळातल्या जुन्या फिल्मला लाल रंग कळायचाच नाही, लाल ओठ पडद्यावर काळे यायचे. पुढे रंगीत टेक्निकलर आलं तेव्हा जुना तेलकट रंग चेहऱ्यावर चकाकायला लागला, म्हणून हॉलिवूडचा मेकअपवाला मॅक्स फॅक्टर याच्या कंपनीने १९३७च्या सुमारास पॅन-केक नावाचा न चकाकणारा मेकअप काढला. इतकी वर्षं लोक या एका भांडणात डोकं घालून बसलेत, आणि याला खिशातल्या मोबाइलने एक फोटो काढून बघता आला नाही! फ्लॅशसकट दोन सेकंदांचं काम. तिच्यासाठी केलं होतं की. नवऱ्याचा फोटो कोण बघतंय, हाच हिशोब असणार.

फोटोग्राफरला फोन केला, तर तो म्हणाला, "चेहरा आणि मान जुळवून देतो, पण ते वेगळं काम पडेल." माझाच चेहरा माझ्याच मानेला जुळवणं हे जादा काम!

खरी चीड तर पुढेच आली. भिंतीवर लावायला एक फोटो निवडायचा होता आणि सगळ्यांनी एकमताने पिठातला निवडला. "यात किती उजळ दिसतोयस!" मामी म्हणाली. आत्यानेही मान डोलावली. बत्तीस वर्षं हा रंग घेऊन यांच्या घरी जेवतोय, तेव्हा कोणी काही म्हणालं नाही. म्हणजे मनात होतं तर. हसून साजरं केलं, पण घास कडू झाला तो झालाच.

आज सकाळी त्या पोराचा मेसेज: "सर, एक फोटो आमच्या कामाचा नमुना म्हणून वापरू का?"

मला उगाच बरं वाटलं. विचारलं, दुपारचा की रात्रीचा?

"मॅडमचा सर. तुम्हाला कापतोय."

बायकोने परवानगी देऊन टाकली. आत्ताच पाहिला तो फोटो. कापाकापी सफाईदार आहे, फक्त तिच्या खांद्यामागे माझा एक कान राहिलाय.

रंग अगदी बरोबर आलाय त्याचा.