वचन फॉरवर्ड करणं म्हणजे बायबल वाचणं नव्हे

सकाळी सहाच्या आत मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर फुलांच्या फोटोवर छापलेलं एक वचन येतं. खाली 'आमेन'ची रांग लागते आणि कितीतरी घरांत त्या दिवसाचं बायबल तिथंच संपतं. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण सुट्या वचनांवर आत्मिक वाढ होत नाही, हे मला स्पष्ट सांगायचं आहे. अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब १८५२ साली कोल्हापुरात आले, तेव्हापासून इथं शास्त्र वाचलं आणि शिकवलं जातंय. ते वाचन आपल्या पिढीत फॉरवर्डवर येऊन थांबू नये.

यिर्मया २९:११ घ्या, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९ व्या अध्यायाचं अकरावं वचन. देवाचे संकल्प आपल्या हिताचे आहेत, हे वचन कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेत, दुकानाच्या उद्‌घाटनाला, सगळीकडे दिसतं. आता अध्याय पहिल्यापासून वाचा. हे पत्र आहे, यरुशलेमेतून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा खोटा संदेष्टा दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल असं सांगून गेलाय. यिर्मया मात्र दहाव्या वचनात सत्तर वर्षं म्हणतो! म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बरेचजण परतणारच नव्हते. मग त्यांनी करायचं काय? ते पाचव्या ते सातव्या वचनांत आहे: घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात नेऊन टाकलंय त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. नको त्या गावी बदली झालेल्या माणसाला अकराव्या वचनाइतकीच या तीन वचनांची गरज आहे, आणि ती तीन कुणी फॉरवर्ड करत नाही.

म्हणून एक पुस्तक धरा आणि ते शेवटपर्यंत वाचा. सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे येशूच्या चरित्रापासून, करावी. सोळाच अध्याय आहेत, वेगानं पुढं सरकतात आणि येशू काय करतो ते डोळ्यांसमोर उभं राहतं. त्यानंतर संपूर्ण नवा करार, म्हणजे मार्क ज्यात आहे तो बायबलचा दुसरा भाग. त्याचे अध्याय २६०. सोमवार ते शुक्रवार रोज एक वाचला तर बरोबर ५२ आठवड्यांत पूर्ण होतो, शनिवार-रविवार राहिलेलं भरून काढायला मोकळे. सोबत स्तोत्रसंहितेतलं रोज एक स्तोत्र. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणाऱ्याला पहाटे जमत नसेल तर रात्रीचं जेवण झाल्यावर वाचावं; वेळ कुठलीही चालेल, पण ठरलेली हवी.

वाचायच्या आधी छोटी प्रार्थना. मग अध्याय एकदा मोठ्यानं वाचा. मोठ्यानं वाचताना ओळी गाळता येत नाहीत, हा मोठा फायदा. दुसऱ्यांदा मनात वाचताना तीनच प्रश्न विचारा: हे कोण कुणाला सांगतंय, यात देव कसा दिसतो, आज मी काय करायचं? तिसऱ्याचं उत्तर वहीत एका वाक्यात, तारीख घालून लिहा. 'प्रेमानं वागेन' असलं मोघम नको. 'भावाला आज फोन करेन' असं, संध्याकाळी झालं की नाही ते तपासता येईल असं लिहा.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. अध्यायांचे आकडे मूळ लिखाणात नव्हते, ते तेराव्या शतकात पडले. त्यामुळं कधीकधी विषय मध्येच तुटतो. यशयाचा ५३ वा अध्याय वाचताना ५२:१३ पासूनच सुरुवात करा, म्हणजे दुःख सोसणाऱ्या सेवकाचं चित्र सलग कळेल.

आता गाडी अडते कुठं? जानेवारीत उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून वर्षभरात संपूर्ण बायबल वाचायचा संकल्प होतो. एकूण ११८९ अध्याय, म्हणजे रोज तीन-चार. उत्पत्ती आणि अर्धं निर्गम भराभर जातं, मग निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं येतात, पुढं लेवीय या तिसऱ्या पुस्तकातली अर्पणं, आणि फेब्रुवारीत बायबल पुन्हा कपाटात. लेवीय टाळू नये, पण आधी नव्या करारातलं इब्रीकरांस पत्र वाचून मग तिकडं वळलं तर त्या अर्पणांचा अर्थ लागतो. दुसरी अडचण खाड्यांची. पाच दिवस चुकले की एका बैठकीत पाच अध्याय उरकायला जाऊ नका. आजचा वाचा, पुढं चला. उरकलेलं काही मनात राहत नाही. मोबाइलवर वाचत असाल तर तेवढा वेळ नेट बंद ठेवा.

मार्गदर्शनासाठी डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल ते वचन देवाचं उत्तर समजायचं, ही सवय मात्र सोडलीच पाहिजे. पुण्याची नोकरी घ्यावी की नाही हे कुठल्याच पानावर लिहिलेलं नाही. लोभ, खोटेपणा, आईवडिलांची जबाबदारी, कबूल केलेला शब्द यांबद्दल देव काय म्हणतो ते मात्र शेकडो ठिकाणी आहे. ते नियमित वाचनानं अंगात मुरलेलं असलं की निर्णयाच्या वेळी आठवतं. तरीही अडलं तर पाळकांशी किंवा जाणत्या वडीलधाऱ्यांशी बोला.

घरात मुलं असतील तर कौटुंबिक उपासना दहा मिनिटांच्या वर नेऊ नका. रूथचे अध्याय चारच आहेत, चार रात्रींत होतात. वचनं आळीपाळीनं वाचायची, अडखळणाऱ्या मुलाला मध्येच दुरुस्त करायचं नाही, आणि त्या रात्रीचा प्रश्न मुलांना विचारू द्यायचा.